जुलमी माणसाचे हसू: झोरान राद्मिलोविचच्या दोन भूमिका आणि एक जुना प्रश्न

झोरान राद्मिलोविच (१९३३–१९८५) हा बेलग्रेडच्या रंगभूमीवरचा विनोदी नट मुख्यतः दोन भूमिकांसाठी ओळखला जातो. एक आल्फ्रेड जारीच्या नाटकातला राजा उब्यू आणि दुसरी दुशान कोवाचेविचच्या ‘तिसरा रादोवान’ या नाटकातला नायक. दोन्ही पात्रे जुलमी. उब्यू अख्खे राज्य गिळतो, तर रादोवान स्वतःचे घर. युगोस्लाव्हियातले प्रेक्षक वर्षानुवर्षे या दोघांवर पोट धरून हसले आणि त्यांनी त्यांना जीवही लावला. जुलमी माणसाला हसणे ही त्याला दिलेली शिक्षा की त्याला मिळालेली सूट, हा प्रश्न तत्त्वज्ञ आणि धर्मशास्त्रकार निदान प्लेटोपासून घोळवत आले आहेत. राद्मिलोविचची कारकीर्द या प्रश्नासाठी उपयोगी पडते, कारण त्याच्या एकाच प्रयोगात शिक्षा आणि सूट दोन्ही दिसत.

त्याचा जन्म ११ मे १९३३ रोजी झायेचार येथे झाला. हे गाव पूर्व सर्बियात, बल्गेरियाच्या सरहद्दीजवळ तिमोक नदीच्या खोऱ्यात आहे. शिक्षणासाठी बेलग्रेडला आल्यावर त्याने कायद्याचा अभ्यास सुरू केला, पण तिथे तो टिकला नाही आणि शेवटी नाट्य अकादमीत पोहोचला. १९६२मध्ये तो बेलग्रेड ड्रामा थिएटरमध्ये रुजू झाला आणि १९६८मध्ये ‘आतेल्ये २१२’ या नाट्यगृहात आला. तेथे तो अखेरपर्यंत राहिला.

या नाट्यगृहाची जन्मकथा पुढच्या चर्चेला उपयोगी आहे. बेलग्रेडमध्ये १९५४ साली सॅम्युएल बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’ची तालीम झाली होती, पण अधिकृत रंगभूमीने ते नाटक बाजूला ठेवले. तेव्हा नटांनी एका चित्रकाराच्या स्टुडिओत मोजक्या लोकांपुढे त्याचा प्रयोग केला. दोन वर्षांनी, डिसेंबर १९५६मध्ये, तेच नाटक नव्यानेच सुरू झालेल्या आतेल्येच्या मंचावर आले. सभागृहात २१२ खुर्च्या होत्या, म्हणून नाट्यगृहाच्या नावात तो आकडा आला. युगोस्लाव्हियाने १९४८मध्ये मॉस्कोशी काडीमोड घेतला होता. देश कम्युनिस्ट होता, पण शेजारच्या कम्युनिस्ट देशांत वर्ज्य असलेली पाश्चात्त्य असंगत नाटके इथे चालत. ती किती चालू द्यायची हे मात्र वरून ठरे.

उब्यूचे नाटक मुळात शाळकरी पोरांची टवाळी होती. रेन शहरातल्या एका शाळेत पदार्थविज्ञानाच्या एबेर नावाच्या मास्तरांची मुले नक्कल करत. जारीने त्या नकलेला राजाचे कपडे चढवले. बायकोच्या चिथावणीवरून उब्यू पोलंडच्या राजाला ठार करतो, सरदारांना आणि न्यायाधीशांना एकामागून एक खड्ड्यात ढकलतो, आणि कर गोळा करायला स्वतःच गावोगाव फिरतो. मेजवानीच्या टेबलावर तो संडास घासायचा ब्रश आणतो. १० डिसेंबर १८९६ रोजी पॅरिसमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा पहिल्याच शब्दाला, थोड्या मोडक्या रूपातल्या एका शिवीला, सभागृहात गदारोळ उठला. प्रेक्षकांत बसलेला कवी यीट्स त्या रात्री उदास झाल्याची नोंद त्याने स्वतःच करून ठेवली आहे. नाटकातले पोलंड हे कुठलेच ठिकाण नाही, असे जारीने प्रयोगाआधी सांगितले होते. म्हणूनच पुढच्या शतकात प्रत्येक देशाला ते आपले वाटले.

आतेल्येत हे नाटक १९६४ साली ल्युबोमिर द्राश्किच या तरुण दिग्दर्शकाने बसवले. राद्मिलोविच तेव्हा तिशीतला होता आणि आतेल्येत अजून कायमचा आला नव्हता. उब्यूच्या भूमिकेत सहज घसरता येते, कारण नट नुसता आडदांड झाला तर अर्ध्या तासात प्रेक्षक कंटाळतो. राद्मिलोविचने त्या राक्षसाला घरगुती केले. त्याचा उब्यू भित्रा, खादाड आणि हिशेबी होता. कत्तलीचा हुकूम देताना त्याला आपण काही भयंकर करतो आहोत असे वाटत नसे. त्याचे सारे लक्ष जेवणाकडे असे. प्रेक्षकांना तो ओळखीचा वाटला. इथेच जुना प्रश्न उभा राहतो.

प्लेटोने तो सर्वांत आधी नीट मांडला. ‘फिलेबस’ या संवादात तो हास्याचे मूळ आत्म-अज्ञानात शोधतो. माणूस स्वतःला आहे त्याहून श्रीमंत, देखणा किंवा शहाणा समजतो, तेव्हा तो हास्यास्पद होतो. पण प्लेटो लगेच एक अट घालतो. असा माणूस दुबळा असेल तरच हास्यास्पद ठरतो. त्याच्या हाती बळ असेल तर तेच अज्ञान भयानक असते. खऱ्या सत्ताधीशावर हसण्याचे धाडस होत नाही. रंगमंचावर त्याच्या हातातली तलवार लाकडी असते, म्हणून हसता येते. याचा अर्थ, उब्यूवर हसणारा प्रेक्षक हसण्याआधीच त्याला निःशस्त्र करतो, किंवा नाट्यगृह ते काम त्याच्यासाठी करते.

‘रिपब्लिक’मधला प्लेटोचा आक्षेप याहून कठोर आहे. जी गोष्ट स्वतः करायला माणसाला लाज वाटेल तिच्यावर तो नाटकात मनमुराद हसतो, आणि असे हसता हसता तीच सवय घरी नेतो. आतला जो विदूषक विवेकाने दाबून ठेवलेला असतो त्याला नाट्यगृहात खुराक मिळतो. प्लेटोचे हे म्हणणे हास्याच्या विरोधात नाही, सवयीच्या विरोधात आहे, आणि ते सोवळेपणा म्हणून झटकून टाकता येत नाही. बायकोवर खेकसणाऱ्या नवऱ्याला नाटकात टाळ्या मिळाल्या, तर घरी खेकसताना नवऱ्याला ते थोडे गमतीदार वाटू लागते.

पूर्वेच्या ख्रिस्ती चर्चने हीच शंका कायद्यात उतरवली. चौथ्या शतकाच्या अखेरीस अँटिऑक येथे प्रवचने करताना जॉन क्रिसोस्टमने, ख्रिस्ताला कुणी हसताना पाहिल्याचा शुभवर्तमानांत उल्लेख नाही, रडताना पाहिल्याचा आहे, असे श्रोत्यांना बजावले. नाट्यगृह हा त्याच्या प्रवचनांतला कायमचा शत्रू होता. ६९२ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या धर्मपरिषदेने ५१व्या नियमाने सोंगाड्यांवर आणि त्यांच्या खेळांवर बंदी घातली, तर ६२व्या नियमाने विनोदी, शोकात्म आणि वनदेवतांचे मुखवटे घालण्यावर. सर्बियाचे चर्च १२१९मध्ये स्वतंत्र झाले, तेव्हा संत सावाने संकलित केलेल्या धर्मसंहितेत हे जुने नियमही आले. विसाव्या शतकात नट होऊ पाहणाऱ्या सर्बियन मुलाला हे नियम कुणी वाचून दाखवत नसे, पण विनोदी नटाकडे संशयाने पाहण्याची परंपरा एवढी जुनी आहे.

याच चर्चच्या संतमालिकेत मात्र काही विनोदी नटही बसले आहेत. लेबननमधल्या हेलिओपोलिस, म्हणजे आजच्या बालबेक, येथल्या गेलासिनस नावाच्या सोंगाड्याची कथा २९७ सालच्या नोंदीत येते. ख्रिस्ती बाप्तिस्म्याची टर उडवायची म्हणून खेळातल्या सोबत्यांनी त्याला कोमट पाण्याच्या हौदात बुचकळले. पाण्यातून वर आल्यावर त्याच्या अंगावर पांढरी वस्त्रे घातली गेली आणि त्याने पुढचा खेळ करायला नकार दिला. आपण खरोखरच ख्रिस्ती झालो असे तो म्हणाला, आणि प्रेक्षकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. रोमच्या जेनेसियसची आणि पोर्फिरियसची कथाही याच वळणाची आहे.

भाविक वाचक या कथांत ईश्वरी कृपा पाहतो. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने त्यांतले गृहीतक अधिक महत्त्वाचे आहे. सोंग खरे होऊ शकते, हे चर्च इथे मान्य करते. पवित्र गोष्टीचे सोंग घेणारा पवित्र होऊ शकत असेल, तर जुलमाचे सोंग घेणाऱ्याचे आणि त्याला टाळ्या देणाऱ्याचे काय? चर्चने दुसऱ्या भागाला धरून बंदी घातली आणि पहिल्या भागाला धरून संत केले. दोन्ही निर्णयांमागे एकच विश्वास आहे, आणि तो प्लेटोचाच आहे.

उलट बाजूने बोलणारेही कमी नाहीत. ॲरिस्टॉटलच्या मते हास्यास्पद गोष्ट म्हणजे अशी चूक किंवा कुरूपता, जिच्यात वेदना नाही आणि नाशही नाही. हे लक्षण उब्यूला लावले तर तो विनोदाच्या हद्दीबाहेर जातो, कारण त्याच्या राज्यात माणसे मरतात. या कामी भारतीय काव्यशास्त्र अधिक उपयोगी पडते. अभिनवगुप्ताच्या मते, भाव अनुचित ठिकाणी जडला की रसाचा आभास होतो आणि त्याची परिणती हास्यात होऊ शकते. त्यासाठी त्याने रावणाचा दाखला घेतला आहे: सीतेविषयीचा रावणाचा अनुराग शृंगार म्हणून उभा राहत नाही, तो हास्याकडे झुकतो. रावणासारखा प्रतापी माणूसही इथे सुटत नाही. या विचारातून निघणारा निष्कर्ष प्लेटोच्या अगदी विरुद्ध आहे. अनौचित्य ओळखल्याशिवाय हसू येत नाही, म्हणून हसणाऱ्याच्या मनात औचित्याचे माप आधीपासून असले पाहिजे. उब्यूला हसणारा माणूस, राजाने काय करू नये हे जाणतो. त्याचे हसणे हा निवाडा असतो.

प्लेटो म्हणतो की हसण्याने सवय लागते. अभिनवगुप्ताच्या विचारानुसार हसणे म्हणजे ओळख पटणे. यांतले कोणते खरे, याचा कस ‘तिसरा रादोवान’च्या प्रयोगांत लागला.

कोवाचेविचचा जन्म १९४८चा. पंचविशी गाठेपर्यंत त्याची दोन नाटके आतेल्येत आली होती, त्यांतले ‘तिसरा रादोवान’ १९७३मध्ये, पुन्हा द्राश्किचच्याच दिग्दर्शनाखाली. रादोवान गावाकडचा डोंगराळ मुलूख सोडून बेलग्रेडच्या एका उंच इमारतीत राहायला आला आहे, पण गाव आणि गावचे वैर त्याने सोबत आणले आहे. शेजारच्या विलोतिच कुटुंबाशी त्याचे हाडवैर आहे. त्याची मुलगी त्याच कुटुंबातल्या तरुणापासून गरोदर राहिली आहे आणि कित्येक वर्षे तशीच आहे, कारण बाप तिला बाळंत होऊ देत नाही. दुसऱ्या मुलीला त्याने मुलगा ठरवून टाकले आहे. स्वतःच्या घरात एवढा अनर्थ चालू असताना त्याला काळजी आहे ती टीव्हीवरच्या मालिकेतल्या जॉर्ज नावाच्या पात्राची. परक्या जॉर्जसाठी त्याचा जीव तुटतो आणि घरच्यांना तो धाकात ठेवतो. नाटककाराचे हे निरीक्षण १९७३मधले आहे आणि आजही त्याला धूळ बसलेली नाही.

राद्मिलोविचच्या हातात हे नाटक वाढत गेले. मराठी रंगभूमीवर ज्याला ‘ॲडिशन घेणे’ म्हणतात ते तो इतके घेई की मूळ संहिता प्रयोगाच्या आत कुठेतरी शोधावी लागे. प्रत्येक रात्री नवी वाक्ये, त्या दिवसाच्या बातम्या, बाजारातली टंचाई, सभागृहातला खोकला, सगळे नाटकात येई. लोक एकच नाटक पुन्हा पुन्हा पाहायला येत, कारण ते एकच नसे. प्रयोगांची संख्या तीनशेच्या आसपास गेली.

या ॲडिशनांतला एक प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. प्रयोग सुरू झाल्यावर उशिरा आलेला प्रेक्षक अंधारात रांगेतून गुडघे चुकवत आपली खुर्ची शोधतो. त्याआधीची काही मिनिटे सभागृह रादोवानला हसत असते: त्याच्या अडाणी अहंकाराला, त्याच्या आरडाओरड्याला. अशा वेळी राद्मिलोविच घरच्यांशी चाललेले भांडण थांबवून त्या माणसाकडे वळे आणि त्यालाही आपल्याच घरातला एक गुन्हेगार समजून फैलावर घेई. सभागृह कोसळे. पण हे हसू आधीचे नसे. आता लोक रादोवानला हसत नसत. रादोवानच्या बाजूने त्या बिचाऱ्याला हसत. जुलमी बाप क्षणात सर्वांचा पुढारी होई आणि बसल्या जागी हसणारे त्याचे कुटुंब. कुणाच्या लक्षात येण्याआधीच हसू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलेले असे. मंचावरही तसेच होई. त्याच्या अचानक निघालेल्या वाक्यांनी सहकलाकारांना हसू आवरेनासे होई. ते तोंड फिरवत, मान खाली घालत, आणि बापाच्या धाकाने मान खाली घालणारी मुले व हसू दाबणारे नट यांत फरक उरत नसे.

प्लेटो आणि अभिनवगुप्त इथे एकाच मिनिटात खरे ठरतात. पहिले हसू निवाड्याचे होते. दुसरे हसू शरणागतीचे होते, तेही आनंदाने पत्करलेल्या. हसणारी माणसे तीच आणि नटही तोच. आंरी बेर्गसाँने १९००मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हास्य’ या ग्रंथात म्हटले आहे की हसण्यासाठी हृदयाला तात्पुरती भूल द्यावी लागते आणि हसू हे नेहमी एका गटाचे असते. त्यातला गट हा मुद्दा इथे कळीचा आहे. रादोवानवर हसताना प्रेक्षक औचित्याने बांधलेला गट असतो. उशिरा आलेल्यावर हसताना तो नुसता आधी येऊन बसलेल्यांचा गट असतो. हसण्याची लज्जत मात्र दोन्ही वेळा सारखीच असते, आणि अडचण तीच आहे: आपले हसू कोणत्या जातीचे आहे हे हसणाऱ्याला हसण्याच्या चवीवरून कळत नाही.

सत्तेला या प्रकाराची भीती वाटली का? १९६९ साली द्रागोस्लाव मिहाइलोविचच्या ‘भोपळे फुलले तेव्हा’ या कादंबरीवरचे नाटक बेलग्रेडच्या युगोस्लाव्ह ड्रामा थिएटरमध्ये चालू होते. त्यात १९४८नंतर स्टालिनवादी ठरवून तुरुंगात टाकलेल्या माणसांचा विषय होता. राष्ट्राध्यक्ष टिटोने भाषणात नाराजी बोलून दाखवली आणि नाटक उतरवले गेले. चित्रपट दिग्दर्शक लाझार स्तोयानोविच ‘प्लास्टिक येशू’ या चित्रपटामुळे तुरुंगात गेला. त्याच वर्षांत उब्यू आणि रादोवान हाऊसफुल्ल चालत होते. यावरून काही जण हास्याला वाफ सोडणारी झडप म्हणतात: लोक नाट्यगृहात हसून घेतात आणि बाहेर गप्प बसतात. हे अर्धेच खरे आहे. राज्यकर्त्यांना नावानिशी घेतलेला गुन्हा झोंबला आणि कुठल्याच देशाचा नसलेला राजा झोंबला नाही, एवढेच यातून दिसते. जारीच्या ‘कुठेही नसलेल्या’ पोलंडचा हा व्यावहारिक फायदा होता. तोटाही तोच होता. जे कुठलेच नाही त्याचा आळ कुणावरच येत नाही, स्वतः प्रेक्षकावरही नाही.

रादोवान या बाबतीत उब्यूहून धोकादायक, म्हणून अधिक मोलाचा होता. तो कुठेही नसलेला राजा नव्हता. तो बेलग्रेडच्याच एका इमारतीत राहत होता आणि प्रेक्षकांतल्या अनेकांचा काका होता. खेड्यातून शहरात आलेली पहिली पिढी त्या सभागृहात बसलेली असे.

चित्रपटात राद्मिलोविचला एवढा पैस क्वचित मिळाला. स्लोबोदान शियानच्या १९८२मधल्या ‘मॅरेथॉन धावपटूंची मानाची फेरी’ या कोवाचेविचच्याच नाटकावर बेतलेल्या चित्रपटातला बिली पिटॉन ही त्याची पडद्यावरची सर्वांत लक्षात राहणारी भूमिका. तो कबरी उकरून शवपेट्या चोरतो आणि दफनाचा धंदा करणाऱ्या घराण्याला त्या पुन्हा विकतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या सर्बियातल्या या काळ्या विनोदात मरण हा धंदा आहे आणि धंद्यात हिशेबावरून खून पडतात. इथे राद्मिलोविचने हसू मुद्दाम थंड ठेवले. तो प्रेक्षकाकडे वळत नाही, वळूही शकत नाही, म्हणून त्याच्या बाजूला जायची सोय प्रेक्षकाला राहत नाही. रंगमंचावरच्या आणि पडद्यावरच्या राद्मिलोविचमध्ये फरक आहे तो हाच.

१९८३मध्ये बेलग्रेड दूरदर्शनने ‘तिसरा रादोवान’चे चित्रण केले आणि म्हणून आज हे नाटक पाहता येते. दोन वर्षांनी, २१ जुलै १९८५ रोजी, दीर्घ आजारानंतर राद्मिलोविचचे बेलग्रेडमध्ये निधन झाले. आजारपणातही त्याने प्रयोग सोडले नव्हते. तो गेल्यानंतर सहा वर्षांत युगोस्लाव्हिया फुटला. शेजाऱ्याशी पिढीजात वैर, गावाकडचा मानीपणा, घरच्यांवर जबरदस्ती आणि टीव्हीवरच्या नायकासाठी उमाळे ही रादोवानची लक्षणे तेव्हा रंगमंचाबाहेर दिसू लागली. युद्धाला विनोदी नाटक जबाबदार आहे असे म्हणणे मूर्खपणाचे ठरेल. पण ज्या समाजाने या माणसाला बारा वर्षे ओळखून हसून घेतले होते, त्या ओळखीने त्याला वाचवले नाही, हेही खरे आहे. अभिनवगुप्ताच्या विचारातून हसणाऱ्याकडे औचित्याचे माप असल्याचे सिद्ध होते. ते माप तो वापरेल असे त्यातून निघत नाही, आणि विनोदी नटाने ते वापरायला लावावे ही अपेक्षा त्याच्या कामाच्या पलीकडची आहे.

रादोवानची वाक्ये आजही सर्बियात रोजच्या बोलण्यात येतात, बहुधा लाडाने. झायेचारच्या नाट्यगृहाला झोरान राद्मिलोविचचे नाव देण्यात आले आहे. तिथे त्याच्या नावाने दरवर्षी नाट्यमहोत्सव भरतो आणि उत्तम अभिनयासाठी जो पुरस्कार दिला जातो त्याचे नाव आहे ‘झोरानची मिशी’.